विश्लेषण : हप्ता पाच वर्षांनी, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून… सात लाखांचे शैक्षणिक कर्ज पंधरा लाखांवर कसे जाते?

सीईटीचा निकाल लागला, कॅप राउंडमध्ये कॉलेज मिळाले की घरातला पुढचा प्रश्न पैशांचा असतो. बँकेत गेल्यावर सांगितले जाते, ‘आत्ता काही भरायचे नाही. शिक्षण संपल्यावर एका वर्षाने हप्ता सुरू.’ हे खरे आहे, पण अर्धेच. हप्ता सुरू नसतो, व्याज सुरू असते. या अर्ध्या माहितीची किंमत एका सर्वसाधारण इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला अडीच लाख रुपयांपर्यंत मोजावी लागू शकते. ती कशी, ती कोणाला भरावी लागत नाही आणि कर्ज घेताना कोणते कागद वाचावेत, हे समजून घेऊ.

मोरॅटोरियम म्हणजे नेमके काय?

बहुतेक बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या चौकटीत कर्ज देतात. या योजनेत अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यानंतर एक वर्ष एवढा काळ परतफेडीतून सवलत असते. यालाच मोरॅटोरियम म्हणतात. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी तो पाच वर्षांचा होतो. त्यानंतर परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते.

या पाच वर्षांत बँक सरळव्याज लावते. म्हणजे व्याजावर व्याज चढत नाही, ही त्यातली दिलासादायक गोष्ट. पण मोरॅटोरियम संपला की साठलेले सगळे व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि त्या फुगलेल्या रकमेवर ईएमआय ठरतो. तिथून पुढे पाच वर्षांच्या व्याजावरही व्याज लागते. इंजिनीअरिंगला आम्ही गणिताचे चार-पाच पेपर दिले, पण सँक्शन लेटर कसे वाचायचे हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हते. त्यामुळे हा हिशेब जरा सविस्तर मांडतो.

सात लाख वीस हजारांचे किती होतात?

समजा, फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला १,८०,००० रुपये लागतात. बँक ही रक्कम एकदम देत नाही. दरवर्षी कॉलेजच्या मागणीप्रमाणे टप्प्याने देते. चार वर्षांचे ७,२०,००० रुपये. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून १० टक्के धरू.

पहिल्या वर्षी उचललेल्या १,८०,००० रुपयांवर पाच वर्षांचे व्याज होते ९०,००० रुपये. दुसऱ्या टप्प्यावर चार वर्षांचे ७२,०००. तिसऱ्यावर ५४,००० आणि चौथ्यावर ३६,०००. बेरीज २,५२,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज ९,७२,००० रुपये झालेले असते.

आता हे १० वर्षांत फेडायचे ठरवले तर ईएमआय येतो साधारण १२,८४५ रुपये आणि एकूण परतफेड होते सुमारे १५ लाख ४१ हजार. १५ वर्षांची मुदत घेतली तर ईएमआय १०,४४५ रुपयांपर्यंत उतरतो, पण एकूण आकडा १८ लाख ८० हजारांवर जातो. महिन्याचे २,४०० रुपये वाचवण्यासाठी सव्वातीन लाखांहून अधिक जास्त भरावे लागतात.

हेच व्याज शिकत असताना दर महिन्याला भरत गेले तर? पहिल्या वर्षी महिन्याला १,५००, दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी ४,५००, नंतर ६,००० रुपये. मग मोरॅटोरियमनंतर कर्ज ७,२०,००० एवढेच राहते, १० वर्षांचा ईएमआय सुमारे ९,५१५ रुपये होतो आणि आधी भरलेले व्याज धरूनही एकूण खर्च १३ लाख ९४ हजारांच्या आसपास थांबतो. जवळपास दीड लाखाचा फरक. शिवाय या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. ती सवलत आपोआप मिळेल असे समजू नका, मंजुरीच्या वेळीच विचारा.

सगळे व्याज भरणे प्रत्येक घराला जमणार नाही, हे उघड आहे. पण पाचही वर्षे फक्त १,५०० रुपये महिना भरले, तरी वरच्या उदाहरणात शेवटी ५० हजारांहून थोडे अधिक वाचतात.

आणि वायडी लागला तर? शेवटच्या वर्षात विषय राहिले, तोवर पूर्ण रक्कम उचललेली असेल, तर वाढलेल्या एका वर्षाचे व्याज होते ७२,००० रुपये. बँक मुदत वाढवून देऊ शकते, व्याज थांबवत नाही.

पहिला पगार आणि पहिला हप्ता

मोठ्या आयटी कंपन्यांच्या घाऊक भरतीत फ्रेशरचे पॅकेज गेली अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळते आहे. पीएफ वगैरे कापून हातात साधारण २५ हजार येतात. त्यातून १२,८४५ रुपयांचा हप्ता गेला की अर्धा पगार संपला. उरलेल्या पैशांत पुण्यातले फ्लॅटचे शेअरिंग, मेस आणि पीएमपीचा पास बसवायचा.

म्हणून कर्जाचा आकडा फीवरून नव्हे, मिळू शकणाऱ्या पगारावरून तपासला पाहिजे. कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘हायेस्ट पॅकेज’ असते. ते एका विद्यार्थ्याचे असते, तुमचे नाही. पाहायचा आकडा म्हणजे मध्यक पगार, ज्याला प्लेसमेंटच्या भाषेत मीडियन म्हणतात. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी प्लेस झाले आणि त्यांचा मीडियन पगार किती, ही माहिती द्यावी लागते. ती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. जिथे तुमचा संभाव्य हप्ता त्या पगारातून हाती येणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरतो, तिथे कर्ज कमी करण्याचा मार्ग आधी शोधावा, असे माझे मत आहे.

मोरॅटोरियमचे व्याज सरकार भरते, पण कोणाचे?

इथे खरा पैसा आहे आणि इथेच सर्वाधिक कुटुंबे चुकतात, कारण योजनेचा अर्ज वेळेत होत नाही.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम शिकत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मोरॅटोरियमचे पूर्ण व्याज सरकार भरते. २००९पासून ही योजना आहे. वरच्या उदाहरणातले २,५२,००० रुपये या कुटुंबासाठी शून्य होतात. मात्र लाभ एकदाच मिळतो, पदवीला किंवा पदव्युत्तरला. शिक्षण मध्येच सोडले किंवा शिस्तभंगासाठी काढून टाकले गेले तर तो बंद होतो. आजारपणासारख्या कारणांना अपवाद आहे.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमच्या काळात तीन टक्के व्याज सरकार देते. आपल्या उदाहरणात ते होतात ७५,६०० रुपये. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना हा लाभ देण्याचे ठरले आहे. अट संस्थेची आहे: एनआयआरएफ क्रमवारीतल्या वरच्या संस्था, राज्य सरकारच्या काही संस्था आणि केंद्र सरकारच्या संस्था. सुरुवातीच्या यादीत अशा ८६० संस्था होत्या. तुमचे कॉलेज त्यात आहे का, हे प्रवेश निश्चित करण्याआधी पोर्टलवर पाहून घ्या. या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर कर्जासाठी तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, मग उत्पन्न कितीही असो.

एक मेख मात्र आहे. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ घेणाऱ्याला तीन टक्क्यांची सवलत मिळत नाही. त्यामुळे राज्याची फी सवलत मिळत असेल तर दोन्हींचा हिशेब मांडून एक निवडावे लागते. बहुतेक वेळा फी माफीच मोठी ठरते.

उत्पन्नाचा दाखला सक्षम अधिकाऱ्याचा लागतो, साध्या भाषेत तहसील कार्यालयाचा. जून-जुलैमध्ये सेतू केंद्रांवर काय गर्दी असते, हे वेगळे सांगायला नको. बारावीचा निकाल लागण्याआधीच तो काढून ठेवलेला बरा. अनुदानाचा दावा बँक करते, तुम्ही नाही. म्हणून दाखला शाखेत जमा केल्याची पोच घ्या आणि दरवर्षी कर्जखात्याचा उतारा काढून अनुदान जमा झाले का ते पाहा.

आधी फी किती कमी होते ते पाहा

महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी कॉलेज स्वतःच्या मर्जीने ठरवू शकत नाही. २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमले आहे आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. काउंटरवर सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात. पावतीशिवाय मागितले जाणारे पैसे, म्हणजे कॅपिटेशन फी, महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यासाठी बँक कर्ज देत नाही, हे वेगळे.

मग महाडीबीटी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्काची ५० टक्के सवलत आहे. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठे यात नाहीत, मॅनेजमेंट कोटाही नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

फी माफ झाली तरी वसतिगृह, मेस, लॅपटॉप आणि कॉलेजचे इतर शुल्क राहतेच. कर्ज त्यासाठीही मिळते, वाजवी मर्यादेत. मग ते तेवढ्याचेच घ्यावे. बँकेने दहा लाख मंजूर केले म्हणून दहा उचलायलाच हवेत असे नाही. न उचललेल्या रकमेवर व्याज नसते.

काही ठिकाणी कॉलेज आधी पूर्ण फी भरायला लावते आणि शिष्यवृत्ती मागाहून विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. सवलतपात्र विद्यार्थ्यांकडून ती रक्कम आधी घेऊ नये, असे सरकारने कॉलेजांना बजावले आहे, तरीही हे घडते. फी कर्जातून गेली असेल तर आलेली शिष्यवृत्ती सरळ कर्जखात्यात भरा. ती बचत खात्यात पडून राहिली की नवीन फोनमध्ये रूपांतरित होते, हा आमच्या हॉस्टेलमधला सार्वत्रिक अनुभव.

तारण, जामीनदार आणि वडिलांचा सिबिल

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पत हमी निधीचे संरक्षण असते. कर्ज बुडाले तर थकबाकीचा ७५ टक्के भाग हा निधी भरून देतो, म्हणून या योजनेतही बँकेने तारण किंवा त्रयस्थ जामीनदार मागायचा नसतो. आई किंवा वडील सहकर्जदार मात्र असतातच. साडेसात लाखांवर घर, प्लॉट, एफडी असे तारण लागू शकते. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला अनेक बँका वेगळे आणि कडक नियम लावतात.

नियम हे असले तरी शाखेत ‘घराचे कागद आणा’ असे ऐकू येते. वाद घालण्यापेक्षा अर्ज पोर्टलवरून करा म्हणजे त्याची नोंद राहते आणि नकार दिला तर तो कारणासह लेखी मागा. ‘तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही’ हे कारण शैक्षणिक कर्जाला चालत नाही, हेही रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

मराठवाडा-विदर्भात अडचण वेगळीच असते. वडिलांचे पीककर्ज थकलेले आणि त्यामुळे सिबिल घसरलेला. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये एका प्रकरणात, केवळ सिबिल स्कोअर कमी आहे म्हणून विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे म्हटले होते. तो निकाल हाताशी असावा, पण त्यावर विसंबून राहू नये. नोकरी करणारी बहीण, भाऊ किंवा काका सहकर्जदार म्हणून चालतील का, हे आधी विचारणे जास्त व्यवहार्य आहे.

एनबीएफसी कर्ज लवकर देतात, तारणही कमी मागतात. पण दर सहसा जास्त, प्रोसेसिंग फी असते आणि काही ठिकाणी व्याज पहिल्या महिन्यापासून भरावे लागते. व्याज अनुदानाच्या योजना बँकांमार्फत चालतात. तेव्हा घाईत सही करताना आपण कशावर पाणी सोडतो आहोत ते पाहा. मुलींना सरकारी बँकांमध्ये साधारण अर्धा टक्का कमी दर मिळतो, तोही तिथे नसू शकतो.

हप्ता सुरू झाल्यावर

शैक्षणिक कर्ज बहुधा फ्लोटिंग दराचे असते. रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर त्याप्रमाणे उतरायला हवा. तुमचा उतरला का, हे खात्याच्या उताऱ्यात दिसते.

वैयक्तिक फ्लोटिंग कर्ज मुदतीआधी फेडायला बँक दंड लावू शकत नाही. म्हणून सुरुवातीला १५ वर्षांचा लहान हप्ता घ्यायचा आणि पगार वाढेल तसे जादा पैसे भरायचे, हा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो. उदाहरणातल्या १०,४४५ रुपयांच्या हप्त्यावर दर महिन्याला २,००० रुपये जादा भरले, तर कर्ज १५ ऐवजी साधारण साडेदहा वर्षांत संपते आणि सुमारे तीन लाख वाचतात. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर जादा रक्कम थांबवता येते. १० वर्षांचा मोठा हप्ता मात्र थांबवता येत नाही.

प्राप्तिकराच्या ८०ई कलमाचा बराच गाजावाजा होतो. व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षे मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. फ्रेशरच्या पगारावर मुळात करच लागत नाही, त्यामुळे बहुतेकांना सुरुवातीची वर्षे याचा उपयोग शून्य. ही आठ वर्षे पहिल्यांदा व्याज भरलेल्या वर्षापासून मोजली जातात, हेही ध्यानात असू द्या.

नोकरीच लागली नाही तर?

फोन बंद ठेवणे हा सर्वांत महाग उपाय. हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए होते आणि विद्यार्थ्यासोबत सहकर्जदार वडिलांचाही सिबिल खराब होतो. म्हणजे पुढच्या हंगामाचे पीककर्ज किंवा धाकट्या भावंडाचे शैक्षणिक कर्ज अडते.

आयबीएच्या योजनेत बेरोजगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या काळासाठी पुन्हा मोरॅटोरियम देण्याची तरतूद आहे, कर्जाच्या पूर्ण मुदतीत दोन-तीनदा. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही मागता येतो. शाखा हे स्वतःहून सांगेलच असे नाही. पहिला हप्ता चुकण्याआधी लेखी अर्ज द्या, सोबत नोकरी नसल्याचे किंवा पगाराचे पुरावे जोडा. व्याज तेव्हाही चालू राहील, पण खाते थकीत होणार नाही. वसुली एजंटने सकाळी ८च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतर फोन करणे, धमकावणे, नातेवाइकांसमोर अपमान करणे नियमबाह्य आहे. कॉलची नोंद ठेवा.

परदेशी जाणाऱ्यांचे काय?

तिथे व्याजापेक्षा रुपया जास्त घात करतो. २०१५च्या सुरुवातीला डॉलर ६२-६३ रुपयांना होता, डिसेंबर २०२५मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. ५० हजार डॉलरचा अभ्यासक्रम साडेएकतीस लाखांवरून ४५ लाखांवर गेला तो एवढ्यानेच. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या दराने धरून मंजूर केलेले कर्ज अपुरे पडू शकते. अमेरिकेत सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. तेव्हा ‘तिकडच्या पगारातून फेडू’ हे गृहीत धरून घर तारण ठेवण्याआधी, भारतात परत येऊन इथल्या पगारात हप्ता झेपेल का, हाही हिशेब कागदावर मांडा.

कर्ज फिटल्यावर ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. घराचे मूळ कागद तारण असतील तर पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने ते परत केले पाहिजेत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. महिना-दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात कर्ज ‘क्लोज्ड’ दिसते का ते बघा, विद्यार्थ्याच्याही आणि सहकर्जदाराच्याही.